उमेदवारी

उमेदवार हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला आणि इतका घरचा झाला कीं, त्यांत 'उमेद' दडलेली आहे हें आपण विसरून गेलों. ज्याच्यापाशीं नोकरी नाहीं, पण नोकरीची आशा आहे, तो उमेदवार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं कचेऱ्यांतून 'उमेदवारी करणें' हा आयुष्यांतला एक रीतसर टप्पाच होता. चार इयत्ता इंग्रजी शिकलेला मुलगा मामलेदार-कचेरींत बिनपगारी नकला करीत बसे, कारकुनांचीं बारीकसारीक कामें करी, आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे साहेबाची नजर आपल्यावर पडेल या आशेवर वर्ष-दोन वर्षें काढी. ती पद्धति चांगली होती असें मला म्हणावयाचें नाहीं. तींत वशिला होता, लाचारी होती, आणि फुकट राबवून घेणें तर उघडउघड होतें. पण त्या उमेदवाराला बसावयाला कचेरीचा ओटा होता. आपण कोणाच्या दारांत बसलों आहों हें त्याला ठाऊक असे, आणि दारांत कोण बसला आहे हें आंतल्या माणसालाही ठाऊक असे.

नोकरीच्या शोधाविषयीं मराठींत जे वाक्प्रचार आहेत, ते बहुतेक पायांशीं आणि दारांशीं निगडित आहेत. आपण खेटे घालतों, हेलपाटे मारतों, जोडे झिजवितों, उंबरठे झिजवितों. नकाराच्याही तऱ्हा आपल्या भाषेनें नीट वेगळ्या करून ठेवल्या आहेत. साफ धुडकावून लावणें म्हणजे वाटाण्याच्या अक्षता. वचन देऊन फसविणें म्हणजे तोंडाला पानें पुसणें. आणि होय नाहीं कीं नाहीं नाहीं, मनांत काय आहे याचा पत्ताच लागूं न देणें म्हणजे ताकास तूर लागूं न देणें. या तिन्हींपैकीं पहिल्या दोहोंचा आतां फारसा उपयोग राहिलेला नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांच्या वांट्याला जें आलें तें बहुतेक सगळें तिसऱ्या प्रकारचें आहे.

मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण पुण्याच्या महाविद्यालयांत पंचवीसांहून अधिक वर्षें काढलेल्या माणसाला बाजाराची नाडी एका विचित्र मार्गानें कळूं लागते. विद्यार्थी शिफारसपत्रें मागावयास येतात, इंग्रजी अर्ज तपासून घ्यावयास येतात, मुलाखतींत काय बोलावें तें विचारावयास येतात. तेजीच्या दिवसांत ते दारांतूनच ओरडून सांगतात, "सर, झालं!" मंदींत ते खुर्चीवर बसतात आणि बराच वेळ उठत नाहींत. २००८ च्या सप्टेंबरांत लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी बुडाली, त्यानंतरच्या वर्षीं हें मीं प्रथम पाहिलें. २०२० च्या टाळेबंदींत पाहिलें. आणि २०२२ च्या उत्तरार्धापासून पुढें जें पाहिलें तें या दोहोंहून निराळें वाटलें, म्हणून हें लिहावयास बसलों.

निराळें अशासाठीं कीं, त्याच्या आधींची भरती फार मोठी होती. महासाथीमुळें साऱ्या जगाचा व्यवहार संगणकावर गेला; युरोप-अमेरिकेंतलें काम आपल्या कंपन्यांकडे लोटलें; आणि २०२१-२२ या एका आर्थिक वर्षांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें सुमारें एक लाख, तर इन्फोसिसनें सुमारें ८५ हजार नवपदवीधर घेतले. त्या वर्षीं कंपन्यांचीं पत्रें लग्नपत्रिकांसारखीं येत. 'आमच्या कुटुंबांत आपलें स्वागत असो' असा मजकूर मीं स्वतः वाचला आहे. पुढें मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनें व्याजाचे दर चढवीत नेले, तिकडच्या गिऱ्हाइकांनीं हात आंखडला, आणि इकडे ओहोटी लागली. २०२३-२४ सालीं टी. सी. एस., इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून नोकरसंख्या सुमारें ६४ हजारांनीं घटली. काम कमी झालें तर माणसें कमी लागणार. त्याबद्दल कोणालाही दोष देतां येणार नाहीं. पाऊस पडला नाहीं म्हणून शेतकऱ्यानें सालगडी ठेवला नाहीं, तर त्याला आपण दुष्ट म्हणत नाहीं. माझें म्हणणें निराळ्याच गोष्टीविषयीं आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्यें विप्रोनें, साडेसहा लाखांच्या वार्षिक वेतनावर निवडलेल्या नवागतांना 'साडेतीन लाखांवर रुजू होणार काय' अशी विचारणा केली. वृत्तपत्रांतून तें सर्वांनीं वाचलें आणि बऱ्याच लोकांना त्याचा राग आला. दिलेला शब्द निम्म्यावर आणणें हें शोभणारें नव्हेच. पण खरें सांगावयाचें तर माझ्या मनांत त्या वेळीं एक चमत्कारिक विचार आला: निदान विचारलें तरी! ज्याला विचारलें त्याला होय किंवा नाहीं म्हणतां येतें. माझ्या खोलींत जीं मुलें येत होतीं त्यांना कोणी कांहीं विचारीतही नव्हतें आणि सांगतही नव्हतें.

त्यांच्यापैकीं एकाचीच हकीकत सांगतों. त्याचें नांव देत नाहीं आणि कंपनीचेंही देत नाहीं. मुलगा बार्शीकडचा, बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षांत, संगणकशास्त्र घेतलेला. इंग्रजीच्या तासाला मागल्या बाकावर बसणारा, पण नेमलेलें पुस्तक खरोखर वाचून येणारा. वडील एस. टी. महामंडळांत वाहक. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा जो संप सुरू झाला तो पुढल्या एप्रिलांत मिटला. तेवढे महिने त्या घरांत पगार आला नव्हता. दूध बंद होऊन कोरा चहा सुरू झाला होता, हें त्यानें मला पुष्कळ उशिरां सांगितलें. अशा घरांत २०२२ च्या मार्चमध्यें एका बड्या कंपनीचें ऑफर लेटर आलें. त्याच्या आईनें तें छापून आणावयास लावलें आणि देव्हाऱ्यांत ठेवलें. वडिलांनीं आगारांत पेढे वांटले; ते उधारीवर आणले होते हें सांगावयास नकोच. पत्रांत रुजू होण्याची तारीख नव्हती. ती 'यथावकाश कळविण्यांत येईल' असें होतें.

जूनमध्यें निकाल लागला. जुलैमध्यें कंपनीकडून एक ई-मेल आला कीं, रुजू होण्यापूर्वीं अमुक तीन अभ्यासक्रम संगणकावरून पुरे करावेत. त्यानें केले. दिवाळीच्या सुमारास आणखी दोन सांगितले. तेही त्यानें केले. प्रत्येकाच्या शेवटीं एक रंगीत प्रमाणपत्र येई आणि त्याखालीं 'आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहों' असें वाक्य असे. या कामाचा मोबदला नव्हता. इंटरनेटचा खर्च त्याचा, पुण्यांतल्या कॉट-बेसिसच्या खोलीचें भाडें त्याच्या वडिलांचें. जुन्या कचेरींतला बिनपगारी उमेदवार मला येथें पुन्हा भेटला. फरक इतकाच कीं, या वेळीं ओटा नव्हता आणि आंत कोण आहे हेंही दिसत नव्हतें. उत्तर ज्या पत्त्यावर पाठवावयाचें तो पत्ताच असा होता कीं, त्यावर पाठविलेलें कोणी वाचीत नाहीं असें त्याखालीं छापलेलें होतें. मीं त्याला दोन चौकशीपत्रें लिहून दिलीं. तीस वर्षांच्या अध्यापनानें जेवढी अदब इंग्रजींत साधतां येते तेवढी त्यांत साधली होती. पोंच आली नाहीं.

जानेवारी २०२३ मध्यें भोसरीच्या एका वर्कशॉपमध्यें हिशेब आणि साठा संगणकावर ठेवण्याचें काम त्याच्याकडे चालून आलें. पगार चौदा हजार. मालकाची अट एवढीच कीं, निदान वर्षभर सोडून जावयाचें नाहीं. मी म्हटलें, "घे." तो म्हणाला, "सर, मी त्यांना होय म्हटलंय ना. मधेच बोलावलं तर यांना सोडून जावं लागेल. मग यांना दिलेला शब्द मोडेल." मी त्याच्याकडे पाहातच राहिलों. ज्या कंपनीला तो आपल्याशीं बोलली होती याची आठवण आहे कीं नाहीं याचीच शंका होती, तिच्या शब्दाखातर आणि ज्या मालकाला त्यानें अजून पाहिलेंही नव्हतें त्याच्याही शब्दाखातर, हा मुलगा चौदा हजार रुपये नाकारीत होता. त्यानें तें काम घेतलें नाहीं.

मे महिन्यांत कंपनीनें कळविलें कीं, निवड झालेल्यांची पुन्हा एक परीक्षा होईल. जी परीक्षा एकदां उत्तीर्ण होऊन निवड झाली, तीच पुन्हा कां, हें सांगितलें नव्हतें. ती झाली, आणि ऑगस्टमध्यें दोन ओळींचा ई-मेल आला: आपण आवश्यक पात्रता गांठली नसल्यामुळें आपलें पत्र रद्द समजावें. पहिल्या पत्रापासून सतरा महिने झाले होते. मंदीचें नांवही त्यांत नव्हतें. काम नाहीं म्हणून घेत नाहीं, एवढें एक खरें वाक्य लिहिलें असतें तर त्या मुलाचें जें नुकसान झालें तें झालेंच असतें. पण 'तूंच कमी पडलास' हें वर ऐकावें लागलें नसतें.

येथें आम्हां महाविद्यालयांच्याही एका नियमाविषयीं लिहिलें पाहिजे. कारण वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें अजून शाळेंत आहेत त्यांना तो ठाऊक नसेल. बहुतेक ठिकाणीं 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा दंडक आहे. एका कंपनीचें पत्र हातीं आलें कीं त्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीस बसावयाचें नाहीं. हेतु चांगला आहे: हुशार चौघांनींच साऱ्या जागा पटकावूं नयेत. तेजीमध्यें हा नियम न्यायाचा वाटतो. मंदींत मात्र त्याचा अर्थ असा होतो कीं, मुलानें 'होय' म्हटलें कीं तो बांधला गेला, आणि कंपनीनें 'होय' म्हटलें तरी ती मोकळीच. लग्न ठरल्यावर मुलीकडच्यांनीं दुसरीं स्थळें पाहावयाचीं नाहींत, मुलाकडच्यांनीं मात्र मुहूर्तच सांगावयाचा नाहीं, असाच हा प्रकार. आमच्या एका बैठकींत मीं हा प्रश्न काढला. ठराविक मुदतींत रुजू होण्याची तारीख न आल्यास विद्यार्थ्यास पुन्हा मोकळें करावें, एवढीच सूचना होती. "कंपन्या रागावतील, सर, पुढल्या वर्षीं येणार नाहींत," असें आमच्या प्लेसमेंट-अधिकाऱ्यांनीं काकुळतीनें सांगितलें. ते खोटें बोलत नव्हते. महाविद्यालयही शेवटीं एक उमेदवारच आहे. विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला.

नोकरी मागणाऱ्याला दारांत तिष्ठत ठेवण्याचा विषय निघाला म्हणजे मला माझे थोरले काका आठवतात. ते परळच्या एका कापडगिरणींत कायम होण्यापूर्वीं कांहीं वर्षें 'बदली' होते. बदली कामगार म्हणजे काय हें मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगावयास हवें. गिरणींत रोज कांहीं माणसें गैरहजर राहात. त्यांच्या जागीं त्या दिवसापुरतीं घ्यावयाचीं माणसें म्हणजे बदली. पहिल्या काळांत हें सारें जॉबरच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी सांभाळावयाला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ सालच्या शाही मजूर-कमिशनच्या अहवालांतही या लांचेची नोंद आहे. १९३५ मध्यें मुंबईच्या गिरणीमालक-संघानें ठराविक बदलींना कार्डें देण्याची रीत घातली. कार्डवाल्यानें रोज सकाळीं फाटकावर हजर राहावयाचें. काम असलें तर आंत, नसलें तर परत.

मी लहानपणीं काकांना विचारीत असें, "परत पाठवलं की वाईट नाही का वाटायचं?" ते म्हणत, "वाटायचं की. पण सात वाजता कळायचं." या उत्तराचा अर्थ कळावयाला मला चाळीस वर्षें लागलीं. सात वाजतां कळलें म्हणजे साडेसातला तो दिवस पुन्हा त्यांच्या मालकीचा होई. ते भायखळ्याच्या भाजीबाजारांत पाट्या उचलावयास जात, कोणाचें रंगकाम असलें तर त्याच्या हाताखालीं राबत, नाहींतर लालबागच्या खोलीवर येऊन झोपत. फाटकावरचा माणूस उद्धट असे, दस्तुरीखाऊ असे. पण तो काकांच्या तोंडावर 'आज नाहीं' म्हणे, आणि तेवढ्यानें त्यांचा दिवस त्यांना परत देई. काकांना खरी वाट पाहावी लागली ती नंतर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख माणसें बाहेर पडलीं, आणि तो संप रीतसर असा कधीं मागें घेतला गेलाच नाहीं. गिरणी बंद आहे असेंही कोणी सांगेना आणि सुरू होणार असेंही सांगेना. काका आणखी दोन वर्षें डबा घासून पुसून ठेवीत होते, असें काकू सांगे.

वाट पाहाण्यानें माणसाचें काय होतें याचा अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नांवाचें एक गांव होतें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारें गांव बेकार झालें. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तिघां तरुण अभ्यासकांनीं तेथें जाऊन लोकांच्या दिनक्रमाची बारकाईनें पाहाणी केली, आणि त्यांचें पुस्तक १९३३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांना वाटलें होतें कीं, रिकामा वेळ मिळाल्यावर माणसें अधिक वाचतील. झालें उलटें. कामगारांच्या वाचनालयानें वर्गणी माफ केली, तरी पुस्तकें नेण्याचें प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलें. रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल खिडकींतून मोजून पाहिली, तेव्हां पुरुष बायकांपेक्षां हळू चालतात असें दिसलें. बायकांना घरचें काम होतें, पुरुषांना कोठेंच पोंचावयाचें नव्हतें. पुष्कळ पुरुषांनीं घड्याळ बाळगणें सोडलें होतें. माझ्या विद्यार्थ्यानें घड्याळ सोडलें नव्हतें. उलट तो दर कांहीं मिनिटांनीं खिशांतला मोबाइल काढून पाही. पण शेवटच्या वर्षीं माझ्याकडून नेलेली कादंबरी त्यानें आठ महिन्यांनीं परत आणली, तेव्हां खूण तिसाव्या पानावर होती. "डोकं लागत नाही, सर," एवढेंच तो म्हणाला. मारिएनथालच्या लोकांना निदान गिरणी बंद आहे हें ठाऊक होतें.

कंपन्या असें कां वागतात, हें मीं एका जुन्या विद्यार्थिनीला विचारलें. ती एका कंपनींत मनुष्यबळ-विभागांत अधिकारी होती. दिवाळींत भेटावयास आली होती. स्वभावानें मऊ, कोणाला टाकून बोलणार नाहीं अशी. ती म्हणाली, "सर, 'नाहीं' असं लिहिलं की तो निर्णय होतो, आणि निर्णय घ्यायचा अधिकार माझ्याकडे नसतो. वर विचारलं तर म्हणतात, पुढच्या तिमाहीत बघू." मी म्हटलें, "मग तसंच कळवा मुलांना." ती हंसली. "तसं कळवलं तर मुलं दुसरीकडे जातील ना. उद्या बाजार उठला तर हीच मुलं पुन्हा कुठून आणायची?"

तिच्या या वाक्यानें माझ्या डोक्यांत लख्ख उजेड पडला. मौन हा विसराळूपणा नव्हता. तो साठा होता. व्यापारी भाव चढेपर्यंत धान्य कोठारांत ठेवतो, तशीं हीं मुलें ठेवलेलीं होतीं. फरक असा कीं, धान्य ठेवणारा तें आधीं विकत घेतो, कोठाराचें भाडें भरतो, उंदीर-टोळांची काळजी घेतो. येथें कोठाराचें भाडें बार्शीचा वाहक भरीत होता. ज्याला आपण मंदीचा नाइलाज म्हणतों त्यांतला नाइलाज किती आणि दुसऱ्याच्या पैशानें केलेली सोय किती, हें या जागीं वेगळें करतां येतें. माणूस न घेणें हा नाइलाज आहे. 'नाहीं' न सांगणें ही सोय आहे.

माझ्या विद्यार्थिनीला मी दोष देत नाहीं. पुढल्याच वर्षीं तिचा सारा विभाग एका व्हिडिओ-कॉलवर कमी करण्यांत आला. पंधरा मिनिटांचा कॉल होता, आणि त्यांत बोलण्याची सोय फक्त एकाच बाजूला होती.

साठ्यांतला माल ठेवून ठेवून जुना होतो, तशींच माणसेंही बाजाराच्या डोळ्यांत जुनीं होतात. २००८ नंतरच्या मंदींत अमेरिकेंत कांहीं मालकांनीं 'सध्यां बेकार असलेल्यांनीं अर्ज करूं नये' असें जाहिरातींतच छापावयास सुरुवात केली. तेव्हां न्यू जर्सी राज्यानें २०११ मध्यें अशा जाहिरातींना कायद्यानें बंदी केली. जाहिरातींतलें वाक्य गेलें. मनांतलें कसें जाणार? २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तेथील शंभर शहरांतून सुमारें बारा हजार बनावट अर्ज पाठविण्यांत आले. अर्जदार जितके अधिक महिने रिकामा दाखविला, तितकें त्याला बोलावणें कमी आलें. आणि ही घसरण पहिल्या आठ महिन्यांतच सर्वांत जास्त होती. माझ्या विद्यार्थ्याला पुढें प्रत्येक मुलाखतींत पहिला प्रश्न हाच आला, "हे सतरा महिने काय करत होता?" एका ठिकाणीं त्यानें खरें सांगितलें. समोरच्या गृहस्थांनीं विचारलें, "त्यांनी घेतलं नाही, म्हणजे कांहीं तरी कारण असेलच ना?" आधीं एका कंपनीनें त्याचे महिने घेतले, आणि मग दुसरीनें ते त्याच्याच खातीं खर्ची घातले.

मी तृतीय वर्षाच्या वर्गाला दरसाल डॉ. जॉन्सनचें लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलें फेब्रुवारी १७५५ चें पत्र शिकवितों. शब्दकोशाची योजना जॉन्सननें १७४७ मध्यें त्या सरदाराला उद्देशून लिहिली. पुढें सात वर्षें त्याच्या दाराशीं कोणी विचारपूस केली नाहीं. आणि कोश पुरा होत आला तेव्हां सरदारसाहेबांनीं वर्तमानपत्रांतून त्याची स्तुति आरंभिली. त्यावर जॉन्सननें जें उत्तर दिलें तें इंग्रजी गद्यांतलें एक लेणें मानतात. पूर्वीं या तासाला वर्ग खूष होई; मोठ्या माणसाची अशी खरडपट्टी ऐकावयाला कोणास आवडत नाहीं? २०२३ सालीं वर्ग गप्प होता. एका मुलीनें विचारलें, "सर, त्यांना नोकरी दुसरीकडे लागली होती का? म्हणजे, एवढं कडक लिहिलं म्हणून विचारते." मीं सांगितलें, नोकरी नव्हती, कोश पुरा होत आला होता, आणि प्रकाशकांकडून मिळालेल्या पैशावर त्यानें दिवस काढले होते. "मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि वहींत कांहीं तरी लिहून घेतलें. हात मोकळे असलेल्यानेंच असलें पत्र लिहावें, हा तिचा अभिप्राय बऱ्याच टीकाकारांच्या अभिप्रायांपेक्षां मला अधिक समंजस वाटला.

बार्शीचा मुलगा २०२४ च्या जूनमध्यें पुण्यांतल्याच एका पतसंस्थेच्या संगणक-विभागांत लागला. पगार सोळा हजार. पेढे घेऊन आला होता. या वेळचे रोखीचे असावेत. जातांना त्यानें पिशवींतून प्रमाणपत्रांची फाइल काढली आणि मला एक कागद दाखविला. चाकणच्या एका लहान कारखान्याला त्यानें आदल्या हिवाळ्यांत अर्ज केला होता, त्याचें हें उत्तर. साध्या कागदावर, मालकानें स्वतः मराठींत लिहिलेलें होतें. जागा एकच होती. अर्ज दीडशेंवर आले. तुमचा अर्ज शेवटच्या पांचांत होता. एका अनुभवी बाईंना घेतलें आहे. आमच्याकडे या वर्षीं दुसरी जागा निघणार नाहीं, तरी आमच्यासाठीं थांबूं नये. खालीं सही, आणि त्याखालीं दूरध्वनीचा क्रमांक.

देव्हाऱ्यांतल्या त्या रंगीत पत्राचें काय झालें, हें मीं विचारलें नाहीं. हा कागद त्यानें प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून पदवी-प्रमाणपत्राच्या मागें लावला होता. "नकार आहे हो, सर," तो थोडा ओशाळून म्हणाला, "पण टाकवत नाही." आणि फाइल पिशवींत घालून, सहाच्या शिवाजीनगर बसला उशीर होतो आहे म्हणून, तो भराभर जिना उतरून गेला.